खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावांतून एक अगदी साधा विधी होतो. त्याला आम्ही खांदशेकणी म्हणतो. वर्षभर जू वाहून ज्या जागचे केस झडलेले आणि कातडे निबर झालेले असते, त्या बैलाच्या खांद्यावर कोमट तुपात कालवलेली हळद पळसाच्या पानाने हलके हलके चोळायची आणि मग त्याच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे, एवढेच त्याचे स्वरूप. त्या दिवशी औत सुटलेले असते, आसूड खुंटीला लागलेला असतो, नदीवर नेऊन अंग धुतलेले असते आणि बैल आपला दावणीला अशा मुद्रेने उभा असतो की आज आपल्यावर ही कृपा कशासाठी, हे त्याला उमगू नये. मला मात्र त्या संध्याकाळी लहानपणापासून एक मनुष्य आठवत आला आहे. रणांगणाच्या मागे काही कोसांवर, विसाव्यासाठी म्हणून आणून सोडलेल्या शिपायाचे रोजचे जिणे कसे असते, ते मी त्या मनुष्याच्या तोंडून, त्याच्या हातावरची हळद वाळत असताना ऐकले. आणि म्हणून आजही हळद-तुपाचा वास आला की मी कधी न पाहिलेला दिमापूरचा पाऊस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

तो मनुष्य म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. वस्तीतली सगळी पोरे त्यांना फौजीमामा म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत ते कामठीला जाऊन महार पलटणीत भरती झाले. ही पलटण १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी कामठीला तिची दुसरी बटालियन बांधली गेली. तत्पूर्वी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आमच्या समाजाला लष्कराचा दरवाजा बंद होता. पहिल्या महायुद्धात निकड पडली तेव्हा १११ क्रमांकाची एक महार पलटण सरकारने काढली, आणि निकड सरताच १९२१ साली ती मोडूनही टाकली. तो दरवाजा पुन्हा उघडावा म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी जी खटपट केली तिला यश आले, आणि ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, ज्यांच्या सह्या म्हणजे अंगठ्याचे ठसे होते, अशी वऱ्हाड-नागपुराकडची पोरे गणवेश चढवून ब्रह्मदेशाच्या वाटेला लागली. आमचे मामा त्यांतलेच एक.

युद्धावरून आलेला मामा ज्याला आहे, त्या भाच्याची अपेक्षा काय असणार? तोफा धडाडाव्यात, संगिनी चमकाव्यात, निदान एखादा जपानी तरी मामाच्या हातून पडावा, असे मला फार वाटे. मामा या बाबतीत अत्यंत निराशाजनक होते. "मामा, तुमी लढाईत काय काय केलं?" असे विचारले की ते क्षणभर विचार करून म्हणत, "लढाई म्हणशीन त ते दोन-चार दिवस राहे, बाबू. बाकी सारं धुणं, शिवणं, खंदणं अन् वाट पाहणं." आणि मग ते जे सांगू लागत त्यात साबणाच्या वड्या असत, चहाची किटली असे, पावसात कुजलेले मोजे असत, शत्रू बहुधा नसेच. मला त्या वेळी मामांची कीव येई. इतक्या दूर जाऊन या माणसाला सांगण्यासारखे काहीच मिळाले नाही, असे वाटे.

पुढे चार पुस्तके वाचनात आली तेव्हा कळले की मामांचा हिशेब बरोबर होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांतला शिपाईसुद्धा अहोरात्र आघाडीवर नसे. पुढचा खंदक, पाठबळाचा खंदक, राखीव तळ आणि मागची विश्रांती, असा त्याचा रहाटगाडगेवजा फेरा चाले, आणि त्याच्या लष्करी आयुष्याचा मोठा भाग तोफांच्या माऱ्यामागेच जाई. आपल्याकडे तर मोहिमेचे पंचांगच त्यावर बेतलेले होते: दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि पाऊस लागला की कोठेतरी छावणी करून चार महिने काढायचे. महाभारतातल्या अठरा दिवसांच्या संग्रामातही सूर्य मावळला की शिबिराकडे परतण्याची मर्यादा सांगितली आहे. आणि त्या मर्यादेचे मोल असे की, द्रोण-कर्णांचा वध ज्या रीतीने झाला तिच्यावर वाद घालणारे पंडितही, निजलेल्या शिबिरात शिरून अश्वत्थाम्याने जे केले त्याचे समर्थन करायला सहसा धजत नाहीत. मारण्याच्या धंद्यातसुद्धा विसाव्याची जागा पवित्र मानली गेली आहे. इतिहासकार मात्र त्या जागेपाशी फारसा रेंगाळत नाही. एका लढाईपासून दुसऱ्या लढाईपर्यंत तो टपालाच्या घोड्याच्या वेगाने जातो, आणि मधल्या वाटेत शिपाई बुडाखाली धोंडा घेऊन आपले मोजे पिळीत बसलेला आहे, हे त्याच्या दृष्टीस पडत नाही.

इंफाळ आणि कोहिमाच्या डोंगरांतली १९४४ सालची ती लढाई उन्हाळ्यात पेटली आणि पावसात भिजत राहिली. कोहिमाकडून आणि इंफाळकडून निघालेल्या फौजांची २२ जूनला गाठ पडून रस्ता मोकळा झाला. त्या रस्त्याच्या उत्तर टोकाला दिमापूर. तिथल्या रेल्वे स्टेशनाचे नावच मुळी मणिपूर रोड. आगगाडीची साथ तेथे सुटे आणि डोंगर सुरू होत, म्हणून दारूगोळा, धान्य, औषधे, खेचरे आणि माणसे या सर्वांची बेगमी त्या एका ठिकाणी करावी लागे. मामांची तुकडी थकली की त्याच बाजूला मागे येई. मागे येणे म्हणजे काय, हे ते मोठ्या बारकाईने सांगत.

"पयले सायेब पाय पाहे," ते म्हणत. "तोंड नाही, पाय." पलटण तळावर पोचली की रांगेत उभे करून बूट काढायला लावीत. कित्येक दिवस पायांतून न निघालेले बूट. मोजा ओढला की त्याच्याबरोबर कातड्याचा पापुद्राही यावा, अशी अवस्था. बोटांच्या बेचक्यांत जळवांनी केलेल्या जखमा चिघळलेल्या असत. डॉक्टर प्रत्येकाच्या पायाशी वाकून टॉर्चच्या उजेडात बेचके उघडून पाही, पावडर टाकी, कारकून नाव घेऊन टिपण करी. मामांच्या जन्मात त्यांच्या पायांशी वाकलेला तो पहिला मनुष्य. गोरा, चष्मेवाला, आणि तोही आपले बोट लावून पाहणारा! मामा सांगत की पहिल्या वेळी त्यांना इतका संकोच झाला की त्यांनी पाय मागे घेतला, आणि त्याबद्दल सुभेदारांचा एक सणसणीत शब्द खाल्ला.

मग अंघोळ. तेलाच्या रिकाम्या पिंपांत पाणी तापत ठेवलेले असे, आणि एकेका टोळीला मोजून वेळ मिळे. अंगावरचे कपडे उकळायला जात. ते परत मिळेपर्यंत घोंगडी गुंडाळून बसायचे. तेवढ्या वेळात न्हावी डोकी भादरून घेई. संध्याकाळी लंगरात भात, वरण आणि एखादा दिवस बोकडाचे कालवण. इतके झाल्यावर माणसाला गाढ झोप लागावी, असे आपल्याला वाटेल. पण मामा म्हणत की पहिली रात्र हमखास जागरणात जाई. महिनाभर कानांना ज्या आवाजाची सवय झालेली असे, तो नसल्यामुळे ती शांतता कोणीतरी दबा धरून बसल्यासारखी भासे. एखाद्याच्या ताटलीचा आवाज झाला तरी अख्खी बराक उठून बसे. दुसऱ्या दिवशी मात्र माणसे मेल्यासारखी झोपत, आणि तिसऱ्या दिवसापासून सुरू होई तिचे नाव सरकारी दप्तरात विश्रांती, आणि शिपायांच्या तोंडी फटीग.

कारण फौजेला रिकाम्या शिपायाचे भय वाटते. शौचाचे चर खणा, चिखलात बांबूंच्या वाटा घाला, रसदीची पोती वाहा, रायफलीच्या नळ्या तेल लावून पुसा, तंबूंच्या भोवती पाण्याला वाट करून द्या. सकाळी कवायत, दुपारी फटीग, संध्याकाळी हजेरी. यात मला नवल वाटत नाही, कारण विसाव्याला बसलेल्या सैन्याला शिस्त लावणे ही आपल्याकडे फार जुनी विद्या आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे पावसाळ्यासाठी राहिलेल्या आपल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना पाठवलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्यात लढाईचा एक शब्द नाही. दाणा-वैरण आताच मनसोक्त उधळाल तर ऐन पावसाळ्यात उपाशी मराल, घोडी मरतील, मग रयतेच्या घरात शिराल आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरा वाटू लागेल, हा त्याचा रोख. आणि रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी भस्म होतील, इथपर्यंत त्यात बारकावा आहे. जो राजा उंदराने नेलेल्या वातीचाही विचार करतो, त्याला सैन्य म्हणजे काय ते खरे कळले आहे; कारण सैन्य आघाडीवर लढते, पण जगते ते छावणीत.

फटीगीनंतरचा उरला वेळ शिवणकामात जाई. प्रत्येक शिपायाजवळ सुईदोऱ्याचा एक बटवा असे, आणि तुटलेल्या गुंडीबद्दल जबाबदार धरण्यासाठी घरची बायको तेथे नसल्यामुळे पंजाबी पहिलवानापासून गुरख्यापर्यंत सगळे पुरुष ओळीने मांड्या घालून शिवीत बसत. मामांचा हात त्या ठिकाणी इतका बसला की पुढे आमच्या घरात गोधड्यांच्या कडा तेच घालीत, आणि बैलांच्या झुलीला त्यांनी घातलेला टाका असा दाट आणि सरळ असे की गावच्या शिंप्याने तो हातात घेऊन पाहावा. मामी म्हणे, "यायले पलटणीनं बाईमाणूस करून धाडलं." मामांना या वाक्याचा राग आलेला मी कधी पाहिला नाही.

या सगळ्या सांगण्यात एक प्रसंग असा होता की तो सांगताना मामांचा आवाज एक पट्टी खाली येई. तळावर पिण्याच्या पाण्याची एक मोठी टाकी होती. औषध टाकलेले, नाकाला झोंबणाऱ्या वासाचे ते पाणी. आणि टाकीपुढे निरनिराळ्या पलटणींच्या माणसांची एकच रांग. आमच्या गावात त्या काळी मामांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, विहिरीच्या काठापासून दूर घागर ठेवून, कोणी दयावंत बाई वरून पाणी ओतीपर्यंत उन्हात तिष्ठावे लागे. तिचा हा मुलगा त्या रांगेत बादली घेऊन उभा राहिला, आणि मागच्या माणसाच्या बादलीला त्याच्या बादलीचा काठ लागला. "म्या दचकून मांगं सरलो, बाबू. शेंडीवाला होता तो. आता हा बादली फेकते, नाही त मले मारते, असं वाटलं. त तो म्हणे, चल भाई, जल्दी कर." मामा थोडे थांबत, आणि मग म्हणत, "त्याले कायची घाई होती, मले माहीत नाही. पण तेवढी घाई म्या आपल्या गावात कोणाले पाह्यली नव्हती."

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या शेंडीवाल्याचे हृदयपरिवर्तन झाले होते, असे मामांनी कधी म्हटले नाही. तो घाईत होता, तहानलेला होता, आणि उद्या-परवा त्याला पुन्हा डोंगर चढायचा होता. ज्या भेदाला शास्त्रांनी आणि रूढीने हजारो वर्षे बळ दिले, तो भेद त्या माणसाला त्या घटकेपुरता परवडणारा नव्हता, इतकेच. धर्मसभांनी आणि सुधारकांच्या परिषदांनी जे साधले नाही, ते मृत्यूच्या शेजाराने एका नळाच्या तोटीपाशी फुकटात साधून दिले. आणि म्हणूनच ते त्या तोटीपुरतेच राहिले.

अक्षरओळख हीही मामांना तेथेच झाली. लष्कराने त्या काळी हिंदुस्थानी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याचा शिरस्ता ठेवला होता, तिला रोमन उर्दू म्हणत. आणि तळावर असताना शिपायांना धडे गिरवायला लावून परीक्षांचे दाखले देत. गावच्या शाळेत ज्याला उंबऱ्याबाहेर बसवले होते, तो मनुष्य बांबूच्या छपराखाली, कंदिलाच्या उजेडात ए-बी-सी शिकला आणि मोठ्या उमेदीने त्याने त्या अक्षरांत आईला मराठी पत्र लिहिले! पत्र आमच्या गावी पोचले, पण गावातल्या शहाण्यासुरत्यांपैकी कोणालाच ते वाचता येईना. अखेर आजी ते पदराला बांधून दारव्ह्याच्या स्टेशनावर गेली, आणि तिथल्या एका बाबूने खिडकीतून ते वाचून दाखवले. लष्करी डाकेत ठिकाणाचे नाव लिहायला बंदी, लढाईचे वर्तमान लिहायला बंदी. वरिष्ठांच्या नजरेखालून गेल्यावाचून लिफाफा पुढे सरकत नसे. तेव्हा पत्रात उरले ते एवढेच: मी खुशाल आहे, येथे पाऊस फार आहे, माझे पाय बरे आहेत. पायांचे प्रयोजन आजीला कळेना. पोराचे पाय तुटले असावेत आणि तो लपवीत असावा, अशा समजुतीने ती स्टेशनापासून घरापर्यंत रडत आली.

तिचे समाधान झाले ते मामा एकदा रजेवर आले तेव्हा. कलकत्त्याहून नागपूर, नागपुराहून मूर्तिजापूर, आणि तेथून आमची ती अरुंद रुळांची गाडी, जिला पुढे सगळा जिल्हा लाडाने शकुंतला म्हणू लागला. मूर्तिजापूर ते यवतमाळ हे ११३ किलोमीटर ती ज्या डौलाने कापीत असे, तो पाहिलेल्यांनाच माहीत. मामा म्हणत की आघाडीपासून मूर्तिजापूरपर्यंत जी घाई अंगात भरलेली होती, ती या गाडीने कारंजा येईपर्यंत पार उतरवून टाकली. गावच्या वेशीशी आल्यावर पायांतले बूट काढून हातात घ्यावेत की कसे, याचा त्यांनी घटकाभर विचार केला आणि बूट पायांतच ठेवले. त्या दिवशी वर्दीकडे पाहून कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वर्दी धुवायला टाकली, आणि आजी नेहमीसारखी घागर घेऊन विहिरीपासून दूर जाऊन उभी राहिली.

आता तळावरच्या त्या जपणुकीचे मर्म सांगतो, कारण मामांनी ते मला खांदशेकणीच्या संध्याकाळी सांगितले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर माणसे गोळीने जितकी निकामी होत त्याहून कितीतरी अधिक तापाने आणि हगवणीने होत. त्या आघाडीवरच्या चौदाव्या सैन्याचे सेनापती स्लिम यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की १९४३ साली जखमी म्हणून मागे आणाव्या लागणाऱ्या दर एका शिपायामागे १२० शिपाई आजारी म्हणून मागे आणावे लागत. हा जमाखर्च ज्याच्यापुढे मांडला गेला, त्याला शिपायाचे आरोग्य हा दयाधर्माचा विषय वाटणे शक्यच नव्हते. म्हणून हुकूम सुटले: सूर्य मावळण्यापूर्वी बाह्या खाली, मच्छरदाणी प्रत्येकाला, आणि हिवतापावरची मेपाक्रिनची पिवळी गोळी सर्वांना, रोज, अंमलदाराच्या समक्ष. गोळी शिपायाच्या पोटात खरोखर गेली की नाही याची अवचित तपासणी होई, आणि जेथे कसूर दिसली तेथल्या पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्यालाच स्लिम यांनी पदावरून काढले. असे तीन अधिकारी गेल्यावर बाकीचे काय ते समजले. त्या गोळीने कातडी पिवळी पडे. महिन्या-दोन महिन्यांत सारी पलटण, गोरी काय आणि काळी काय, हळद लागल्यासारखी दिसू लागे.

हळदीचा हात बैलाच्या खांद्यावरून फिरवता फिरवता मामा म्हणाले, "पाहून घे. अस्साच पिवळा झालो होतो म्या. आमचा पोळाच होता तो."

त्या वेळी मी हसलो होतो. त्यांच्या उपमेची धार मला फार उशिरा लागली. पोळ्याला बैल धुतात, त्याच्या शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावतात, पाठीवर झूल घालतात, पुरणाची पोळी चारतात. मग गावच्या जोड्या तोरणाखाली ओळीने उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, आणि तोरण तुटून पोळा फुटला की बैल घरोघरी ओवाळून घ्यायला जातात. दुसऱ्या दिवशी पोरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा. आणि पोरे खेळात असतानाच इकडे खऱ्या बैलाच्या मानेवर पुन्हा जू चढलेले असते. काल ज्या जागी हळद लागली, नेमक्या त्याच जागी. त्या हळदीत प्रेम नसते असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या घरात बैलावर जेवढे प्रेम असते तेवढे पुष्कळदा धाकट्या भावावरही नसते. पण ते प्रेम आणि ते जू एकाच खांद्यावर बसतात, हेही खरे. दिमापूरच्या तळावरही असाच एके दिवशी पोळा फुटे. भल्या पहाटे शिट्टी होई, घोंगड्यांच्या वळकट्या बांधल्या जात, कारकून हजेरी घेई, आणि धुतलेली, जेवलेली, पायांची पारख झालेली माणसे लॉऱ्यांत चढून पुन्हा त्या डोंगराकडे रवाना होत, जेथून ती सगळी परत यावीत अशी कोणाचीच अपेक्षा नसे. मी विचारले, "मंग मामा, सरकार वाईट होतं म्हणा." ते म्हणाले, "बैलाचा धनी वाईट राह्यते का, लेका?"

युद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानच्या सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली होती. एवढी शिबंदी शांततेच्या काळात पोसायची कोणी? १९४६ साली मामांचा हिशेब चुकता झाला. छातीवर लावायला ब्रह्मदेशच्या मोहिमेचा तारा मिळाला, हातात थोडी रक्कम पडली, आणि पेन्शनीला लागणारी वर्षे भरलेली नसल्यामुळे खाते बंद झाले. त्या दिवसानंतर त्यांचे पाय कोणी पाहिले नाहीत. हिवतापाने ते दोनदा अंथरुणाला खिळले, पण गोळी गिळली की नाही हे पाहायला कोणी अंमलदार आला नाही. कीर्दीत जमेच्या बाजूला त्यांचे नाव उरलेले नव्हते. गावात ते परतले तेव्हा विहीर जेथे होती तेथेच होती. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा कायद्याने गुन्हा ठरला, पुढल्या वर्षी ऑक्टोबरात मामा नागपूरला जाऊन बाबासाहेबांच्या सभेत दीक्षा घेऊन आले; घरातले देव गेले, बैल राहिले. मक्त्याने घेतलेल्या काळ्या जमिनीत त्यांनी कपाशी आणि तूर केली, आणि पोळ्याच्या ओळीत त्यांची जोडी अगदी शेवटी उभी राहू लागली. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. रांगेची त्यांना सवय होती.

या गोष्टीकडे आज मागे वळून पाहताना एक प्रश्न मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. माणसाचे पाय पाहावेत, त्याला स्वच्छ पाणी द्यावे, त्याच्या पोटात औषध गेले की नाही याची खातरजमा करावी, त्याला अक्षर शिकवावे, या गोष्टी करता येतात, हजारो-लाखो माणसांच्या बाबतीत करता येतात, आणि त्या पावसात, चिखलात, शत्रू डोंगरापलीकडे असताना करता येतात, हे ज्यांनी सिद्ध केले त्यांनाच त्या यवतमाळच्या एका खेड्यात, भर उजेडात, कोणीही गोळ्या झाडीत नसताना कशा करता आल्या नाहीत? खर्ची टाकायचा म्हणून ज्याला जपले, तो खर्ची पडायचा राहिला तर त्याला कोणत्या खात्यावर जपायचे, याचा उल्लेख कोणत्याच फर्मानात नसावा. मामांनी हा प्रश्न असा कधी विचारला नाही. पण त्यांच्याजवळ त्याचे एक उत्तर होते, असे मला वाटते.

त्यांच्या गोठ्यात एक म्हातारा बैल होता. त्याचे दात झिजले होते, मागचा एक पाय लुळा पडत चालला होता, आणि दोन हंगामांपासून तो औताला जात नव्हता. बाजार दाखवा, चार पैसे येतील, असे सगळे सांगत. मामा ऐकल्यासारखे करीत आणि संध्याकाळी त्याच्यापुढे कडबा टाकीत. मी दहा-अकरा वर्षांचा असेन त्या वर्षीची खांदशेकणी. आभाळ भरून आले होते, कपाशी गुडघ्याच्या वर गेली होती, आणि वाटीत तूप-हळद थोडकीच होती. कामाची जोडी दाराशी बांधलेली. पण मामा तिला ओलांडून आत, अंधारात, त्या म्हाताऱ्यापाशी गेले. आधी त्यांनी खाली बसून त्याचा दुखरा पाय हातात घेतला, खुराच्या बेचक्यात बोट घालून पाहिले, चिंधीने पुसले. मग उठून पळसाचे पान हळदीत बुडवले.

"मामा, हा त औताले जातच नाही," मी म्हणालो. "मंग याले काहून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या जुन्या घट्ट्यावरून, जेथे आता पुन्हा बारीक केस उगवू लागले होते, पान सावकाश खाली ओढीत ते म्हणाले, "म्हणूनच त, बाबू. कंदील जरा वर धर."